हप्ता ठरवण्याआधी जून महिना मांडा

या आठवड्यात मुलीची दहावीची फी भरली, पुस्तके-वह्या आणल्या, गणवेश शिवायला टाकला, आणि यातील एकाही गोष्टीसाठी कोणाकडून पैसे घ्यावे लागले नाहीत. अनेक घरांत हे दरवर्षी सहज होत असेल. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरात ते सलग तिसऱ्या जूनमध्ये झाले, आणि कर्ज फेडताना मला जे सर्वांत उशिरा कळले ते नेमके याच गोष्टीशी जोडलेले आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आमच्यावर कर्ज कशातून झाले हे आधी सांगायला हवे, कारण ते समजल्याशिवाय ते कसे फेडावे हेही समजत नाही. २०२० च्या टाळेबंदीत अंबड औद्योगिक वसाहतीतील माझ्या पतींचा कारखाना काही आठवडे बंद राहिला, आणि सुरू झाल्यावरही ओव्हरटाइम गेला तो गेलाच. दुचाकीच्या कर्जाचे हप्ते रिझर्व्ह बँकेच्या सवलतीनुसार मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने थांबवता आले, तेव्हा हप्ता थांबला म्हणजे व्याजही थांबले असे आम्ही धरून चाललो. प्रत्यक्षात व्याज त्या सहा महिन्यांतही चढत होते आणि ते पुढे आम्हालाच भरावे लागले. त्याच वर्षी सासूबाईंच्या पाटल्या बँकेत तारण ठेवून एक लाख दहा हजार रुपये घेतले. पुढच्या वर्षी, दुसऱ्या लाटेत, सासरे रुग्णालयात होते. ते बरे होऊन घरी आले, याचे मोल कोणत्याही रकमेत होणार नाही, पण त्या बिलासाठी चार वर्षांचे वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी काढले, थोरल्या दिरांकडून साठ हजार हातउसने घेतले आणि उरलेले क्रेडिट कार्डावर टाकले.

२०२२ च्या सुरुवातीला आम्ही दोघे वही घेऊन बसलो. माझा सातपूरच्या कंपनीतील पगार आणि पतींचा पगार मिळून हातात पंचावन्न हजार येत होते, आणि किराणा, दूध, गॅस, वीज, पेट्रोल, औषधे, शिकवणी असा महिन्याचा खर्च साडेसत्तावीस हजारांच्या आसपास होता. उरलेले सत्तावीस हजार सगळेच्या सगळे कर्जाकडे वळवायचे, असे आम्ही ठरवले. नातेवाइकांनी कौतुक केले. इंटरनेटवरचे सल्लेही हेच सांगत होते की काही काळ पोटाला चिमटा घ्या, सण विसरा, आणि एकदाचे मोकळे व्हा.

फेब्रुवारी ते मे असे चार महिने आम्ही हे अक्षरशः पाळले. कार्डावरची थकबाकी एक लाखावरून चाळीस हजारांच्या जवळ आली. मग जून आला. शाळेची फी, पुस्तके आणि गणवेश मिळून चोवीस हजार लागले, त्याच महिन्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला बावीस हजार लागले, आणि शिल्लक काहीच नसल्याने हे शेहेचाळीस हजार त्याच कार्डावर गेले. थकबाकी पुन्हा शहाऐंशी हजार झाली. चार महिने आम्ही घरात जे जे नाकारले होते, मुलीची सहलसुद्धा, ते सगळे जणू व्यर्थ गेले होते. त्या रात्री माझे पती एकच वाक्य बोलले, "शाळा काय यंदाच भरते आहे का?"

त्या वाक्यावर मी नंतर खूप विचार केला. शस्त्रक्रिया अचानक आली, हे खरे. पण शाळा दरवर्षी जूनमध्येच सुरू होते, दिवाळी दरवर्षी येते, दुचाकीचा विमा ठरलेल्या तारखेला संपतो, घरपट्टीचे बिल येते, लग्नसराईत आहेर करावे लागतात. आम्ही महिन्याचा हिशेब अतिशय काटेकोर मांडला होता आणि वर्षाचा हिशेब मांडलाच नव्हता. माझे ठाम मत असे झाले आहे की पगारदार घरांतील कर्ज पुष्कळदा उधळपट्टीने वाढत नाही. ज्या खर्चाची तारीख आपल्याला आधीपासून माहीत असते, त्या खर्चाला आपण दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटल्यासारखे सामोरे जातो, म्हणून ते वाढते.

वास्तविक वर्षाचा विचार करणे आपल्या घरांना नवीन नाही. माझी आई उन्हाळ्यात निफाडकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाचा गहू भरत असे, डाळी उन्हात वाळवून ठेवत असे, मसाला आणि कुरडया करून डबे भरत असे, आणि ऐन पावसाळ्यात घरात पीठ नाही अशी वेळ तिने कधी येऊ दिली नाही. धान्याच्या बाबतीत जे तिला उपजत कळत होते ते मी पैशाच्या बाबतीत वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, हिशेबाच्याच खात्यात नोकरी करत असताना शिकले.

मग आम्ही पुन्हा वही उघडली आणि या वेळी उलट्या क्रमाने मांडणी केली. शाळा चोवीस हजार, आरोग्यविमा आणि गाड्यांचा विमा बावीस हजार, वर्षाचे धान्य-मसाला सोळा हजार, दिवाळी पंधरा हजार, आहेर आणि देणीघेणी आठ हजार, गाड्यांची दुरुस्ती सहा हजार, घरपट्टी-पाणीपट्टी पाच हजार. बेरीज शहाण्णव हजार झाली, म्हणजे महिन्याला आठ हजार. त्याशिवाय आजारपण किंवा कामाचा खंड यांसाठी चार हजार वेगळे धरले. महिन्याचा खर्च आणि ही बारा हजारांची तरतूद वजा केल्यावर कर्जासाठी साडेपंधरा हजार उरले. सत्तावीस हजारांवरून साडेपंधरा हजारांवर येणे मनाला फार जड गेले, कारण मुक्तता कितीतरी महिने लांबणार होती. तरीही जुलै २०२२ पासून आम्ही तोच आकडा धरला, आणि पगार झाला की ते बारा हजार आधी एका वेगळ्या बचत खात्यात जमा होऊ लागले. त्या खात्याचे एटीएम कार्ड आम्ही घेतलेलेच नाही.

साडेपंधरा हजारांत चार देणी बसवायची होती. वैयक्तिक कर्जाचा हप्ता नऊ हजार दोनशे होता आणि तो हलवता येत नव्हता. तारणाच्या सोन्याचे व्याज महिन्याला आठशे सत्तरच्या आसपास होते. ते भरत राहायचे आणि मुद्दलाला सध्या हात लावायचा नाही असे ठरले. खरा प्रश्न कार्डाचा होता, आणि त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते.

कार्डाच्या बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो भरला की आपण नियमित आहोत असे वाटते. आमच्या कार्डाचे व्याज महिन्याला ३.५ टक्के होते. शहाऐंशी हजारांवर महिन्याचे व्याज तीन हजार दहा रुपये होते, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी सुमारे पाचशे चाळीस रुपये. पाच टक्क्यांप्रमाणे किमान रक्कम चार हजार तीनशे भरली, तर त्यातले साडेतीन हजारांहून अधिक व्याजात आणि करात जातात आणि मुद्दल साडेसातशे रुपयेसुद्धा कमी होत नाही. शिवाय मागची बाकी राहिली असताना नवीन खरेदी केली, तर तिला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज लागते. हे मी वर्षाहून अधिक काळ भरत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

माझ्या कंपनीतील कर्मचाऱ्यांची पतसंस्था १२ टक्क्यांनी कर्ज देते. तिथून शहाऐंशी हजार घेऊन कार्ड पूर्ण भरले, बंद करण्याचा अर्ज दिला, आणि तीस महिन्यांचा तीन हजार तीनशे तीस रुपयांचा हप्ता पगारातून कपात होऊ लागला. जिथे महिन्याला साडेतीन हजार केवळ व्याज आणि करात जात होते, तिथे पहिल्या महिन्याचे व्याज आठशे साठ रुपये लागले. एक कर्ज दुसऱ्या कर्जाने फेडू नये असे सरसकट सांगितले जाते, ते मला मान्य नाही. मात्र जुने खाते खरोखर बंद होत असेल तरच हे करावे, नाहीतर सहा महिन्यांत दोन्ही कर्जे अंगावर येतात.

पतसंस्थेला दोन जामीनदार लागतात. माझ्या विभागातील दोघींनी सह्या केल्या. त्यांतील एकीचा पगार माझ्याहूनही कमी आहे, आणि मी चुकले तर कपात तिच्या पगारातून होऊ शकते हे माहीत असूनही तिने सही केली. बँकेच्या हप्त्याची मला काळजी वाटत असे, पण या हप्त्याबद्दल मला जी जबाबदारी वाटली तिची जात वेगळी होती. शेवटचा हप्ता कापला गेल्यावर संस्थेकडून बेबाकी दाखला, म्हणजे काही देणे उरले नसल्याचे पत्र, घेतला आणि त्याची एकेक प्रत दोघींना नेऊन दिली.

दिरांच्या साठ हजारांबद्दल आमच्या घरी मतभेद झाले. त्यावर व्याज नव्हते, म्हणून ते सर्वांत शेवटी द्यावेत, असे हिशेब सांगत होता, आणि दीरही घाई नाही असेच म्हणत होते. मी दरमहा दोन हजार देण्याचा आग्रह धरला. घरातल्या माणसाचे पैसे थकले की व्याज रुपयांत लागत नाही. सणाला जाऊबाईंसमोर बसताना मान खाली जाते, त्यांनी नवीन वस्तू घेतली तरी आपल्याला उगाच बोचते, आणि हळूहळू जाणे-येणे कमी होते. दोन हजार ही लहान रक्कम होती, पण दर महिन्याच्या दहा तारखेला ती जात राहिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. या बाबतीत व्याजदराचा क्रम बाजूला ठेवण्याचा निर्णय योग्यच होता, असे मला आजही वाटते.

वैयक्तिक कर्ज लवकर फेडावे, असा मोह दिवाळीच्या बोनसच्या वेळी झाला. चौकशी केल्यावर मुदतपूर्व परतफेडीवर शुल्क लागेल असे समजले. व्यक्तीने स्वतःच्या गरजेसाठी बदलत्या व्याजदराने घेतलेल्या मुदतकर्जावर असे शुल्क घेण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, पण आमचे कर्ज स्थिर व्याजदराचे होते. त्यामुळे ते त्याच्या गतीने चालू दिले आणि बोनसमधील काही भाग सोन्याच्या मुद्दलात भरला.

हळू फेडण्याचा निर्णय टिकवताना सर्वांत मोठा अडथळा भीतीचा असतो. २०२१ मध्ये एक हप्ता चुकला तेव्हा एका वित्तसंस्थेच्या माणसाने रात्री नऊनंतर घरी फोन करून अर्वाच्य भाषा वापरली, आणि पतींनी केवळ तो आवाज थांबावा म्हणून झेपणार नाही अशी रक्कम कबूल केली. कर्जदाराला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नये, धमकावू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केलेले आहे. संस्थेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. हे प्रत्येक कर्जदार घरात माहीत असायला हवे, कारण घाबरून कबूल केलेला हप्ता दोन-तीन महिन्यांपलीकडे टिकत नाही आणि तो भरण्यासाठी माणूस मोबाइलवरच्या एखाद्या ॲपमधून नवे कर्ज उचलतो.

त्या वेगळ्या खात्याची खरी परीक्षा ऑगस्ट २०२३ मध्ये झाली. पतींच्या कारखान्यात काम कमी झाल्याने दोन महिने पगार जवळजवळ एक तृतीयांशाने घटला. पूर्वीची पद्धत असती तर दुसऱ्याच महिन्यात हप्ता परत गेला असता आणि बँकेचा दंडही लागला असता. आम्ही महिना चार हजारांच्या साठलेल्या रकमेतून फरक भरून काढला, त्या वर्षीच्या गणपतीत आरास नेहमीपेक्षा साधी केली, आणि एकही हप्ता चुकला नाही.

मुलीला आम्ही हे सगळे ती सातवीत असताना सांगितले. तिच्यावर ओझे टाकू नये, असे सासूबाईंचे म्हणणे होते, आणि त्यामागची माया मला समजत होती. पण मुलांना घरातला ताण कळतच असतो. कारण सांगितले नाही, तर त्या ताणाचे कारण आपणच आहोत असे त्यांना वाटू लागते. आता वर्षखर्चाच्या खात्याची वही तीच लिहिते, आणि मे महिन्यात तिनेच मला आठवण करून दिली की फीसाठी यंदा दोन हजार जास्त धरायला हवेत.

वैयक्तिक कर्ज या मे महिन्यात, म्हणजे २०२५ च्या मेमध्ये, ठरलेल्या दिवशी संपले. बेबाकी दाखला मिळाला आहे. सिबिलसारख्या पतमाहिती संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तो मागवून त्यात हे खाते बंद दिसते का, एवढे पुढच्या महिन्यात पाहायचे आहे. आता केवळ सोन्याचे बेचाळीस हजार बाकी आहेत. मोकळा झालेला नऊ हजार दोनशेचा हप्ता तिकडे वळवला आहे, आणि त्या बारा हजारांना हात लावलेला नाही. काल बँकेत पैसे भरून आल्यावर सासूबाईंना पावती दाखवली, तेव्हा त्यांनी पाटल्यांविषयी काही विचारले नाही, फक्त गव्हाचे पैसे बाजूला काढले ना, एवढे विचारले. काढले आहेत, असे मी त्यांना सांगितले.