थोर क्वार्टरबॅकही ढेपाळतात, आणि त्याची नोंद आहे

न्यू जर्सीत राहणारा माझा भाचा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅक म्हणून, म्हणजे चेंडू फेकून (पास देऊन) आक्रमण चालवणारा खेळाडू म्हणून, खेळतो. गेल्या महिन्यात एका सामन्यात त्याचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या एका वडीलधाऱ्या नातलगांनी कौटुंबिक गटात सध्या सर्वत्र फिरणारा तो संदेश टाकला. त्याचा आशय असा: क्वार्टरबॅकच्या कामगिरीतील चढउतार हे दुबळ्या मनाचे लक्षण आहे, थोर क्वार्टरबॅक कधी ढेपाळत नाहीत, मोठा करार झाला की खेळ मंदावतो, रेटिंगचा (पासच्या आकडेवारीवरून काढलेल्या गुणांकाचा) आकडा पाहिला की पुरे, आणि पहिल्या तीन हंगामांत ज्याला जमले नाही, त्याला पुढे कधीच जमत नाही. भाचा आता ती जागाच सोडायची म्हणतो आहे, त्यामुळे उत्तर देणे भाग आहे.

थोर कधी ढेपाळत नाहीत? १५ नोव्हेंबर २०१५ रोजी एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये डेन्व्हर संघाच्या पेटन मॅनिंगने कॅन्सस सिटीविरुद्ध २० पैकी ५ पास पूर्ण केले, ३५ यार्ड मिळवले आणि चार पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिले. त्या दिवशीचे त्याचे रेटिंग शून्य होते, आणि प्रशिक्षकांनी त्याला सामना संपण्यापूर्वीच बाहेर बसवले. पाच वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या मॅनिंगने त्याच सामन्यात कारकिर्दीतील एकूण पासिंग यार्डांचा विक्रमही मोडला. त्याचा पाय दुखावलेला होता. मन दुबळे असल्याचे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये डेन्व्हरने सुपर बाउल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, तेव्हा क्वार्टरबॅक तोच होता. तो विजय प्रामुख्याने डेन्व्हरच्या बचावफळीचा होता, पण यातून उलट हेच दिसते की क्वार्टरबॅकचे यशापयश एकट्याचे नसते.

कराराचा मुद्दा याच माणसाने निकालात काढला आहे. २०१२ मध्ये डेन्व्हरशी मोठ्या रकमेचा करार केल्यावर पुढच्याच वर्षी त्याने एका हंगामात ५५ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) फेकून विक्रम केला. रेटिंगविषयी एवढेच की, त्या सूत्रात सॅक (चेंडू फेकण्याआधीच प्रतिस्पर्ध्यांनी क्वार्टरबॅकला पाडणे) आणि स्वतः चेंडू घेऊन केलेली धाव मोजली जात नाही, आणि सहकाऱ्याच्या हातांतून उसळून प्रतिस्पर्ध्याकडे गेलेला चेंडूही क्वार्टरबॅकच्याच खात्यावर पडतो.

आता तीन हंगामांची मुदत, जी मला सर्वांत घातक वाटते. २००५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सॅन फ्रान्सिस्कोने क्वार्टरबॅक अॅलेक्स स्मिथला पहिल्या क्रमांकावर निवडले. पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एक टचडाउन पास आणि ११ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास) होते. नंतर खांद्याच्या दुखापतीमुळे २००८ चा संपूर्ण हंगाम बुडाला. या मुदतीप्रमाणे तो तेव्हाच संपला असता. परंतु २००५ ते २०११ या काळात त्या संघाच्या आक्रमणाची सूत्रे सात वेगवेगळ्या प्रशिक्षकांकडे गेली, हे संदेशकर्त्याला ठाऊक नाही किंवा सांगायचे नाही. प्रशिक्षक बदलला की डावांची नावे बदलतात, कोणत्या खेळाडूकडे आधी पाहायचे हा क्रम बदलतो, पावले किती टाकायची तेही बदलते. आणि दोन-तीन सेकंदांत, पास घेणारा वळण्यापूर्वीच, चेंडू हातातून सुटावा लागतो. अशा वेळी जो आठवत बसतो तो उशिरा फेकतो, आणि उशिरा फेकलेला चेंडू प्रतिस्पर्धी झेलतो. २०११ मध्ये जिम हार्बो मुख्य प्रशिक्षक झाले, संघाने १६ पैकी १३ सामने जिंकले आणि स्मिथने साखळी फेरीत केवळ पाच इंटरसेप्शन दिले. माणूस तोच होता.

मनाच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यू इंग्लंडकडून ३३-० ने हरताना न्यूयॉर्क जेट्सचा क्वार्टरबॅक सॅम डार्नल्डने चार पास गमावले आणि आपल्याला भुते दिसताहेत असे तो म्हणाला. हे शब्द मायक्रोफोनने टिपले. पण या खेळात भुते दिसणे म्हणजे नसलेले हल्लेखोर भासणे, आणि ते भास खरोखरचे हल्लेखोर वारंवार अंगावर आल्यानंतर सहसा सुरू होतात. याच डार्नल्डने २०२४ मध्ये मिनेसोटासाठी ३५ टचडाउन पास फेकले. त्यानंतरच्या बाद फेरीत लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला नऊ वेळा सॅक केले आणि सामना हातचा गेला. त्या संध्याकाळचा हिशोब मांडताना आधी त्याच्यासमोरच्या रक्षकांना विचारावे, मग त्याच्या मनाला.

भाच्याच्या सामन्याचे चित्रण मी दोनदा पाहिले. तीनपैकी दोन पास त्याच्याच सहकाऱ्यांच्या हातांना लागून उडाले होते. तिसरा मात्र त्याचाच होता, आणि ते तोही कबूल करतो.