एका पेढ्यानं डाएट बुडत नसतं

साताऱ्यातला आमचा सकाळचा चालायचा ग्रुप चार भिंतीच्या टेकडीवरून खाली उतरतो, तिथं रस्त्याकडेला एक मावशी पालेभाजी घेऊन बसतात. मागच्या महिन्यात त्यांनी मेथीच्या जुड्यांमागून पेढ्यांचा बॉक्स काढला. "घ्या की ताई, थोरलीचं नर्सिंगचं झालं." मोती चौकातून आणलेले कंदी पेढे, भाजून तांबूस झालेले, खालच्या कागदाला तूप सुटलेलं. आम्ही सातजणी होतो. सहाजणींनी हात मागे घेतले. "नको मावशी, डाएट चालूय." मावशींनी काही न बोलता झाकण लावलं आणि मेथीवर पाणी शिंपडायला लागल्या.

सातवी मी. मी घेतला, पण झाकण लागल्यावर, दहा पावलं पुढं जाऊन मागं फिरून. ते अजून खटकतं.

हात मागे जायचं कारण म्हणजे आदल्या रात्री ग्रुपवर फिरलेला मेसेज. तुमच्याकडेही आला असेल. वजन उतरवताना गोडाचा एक घासही चालत नाही, असं त्याचं म्हणणं. कारणं पाच: एक पेढा जिरवायला तीन तास चालावं लागतं, दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर जातो तो चरबीचाच, सवय २१ दिवसांत लागते आणि एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा एकपासून, पूर्ण बंद केलं की इच्छाच मरते, आणि अगदीच राहवलं नाही तर गूळ खा, त्यानं वजन वाढत नाही.

मी एका कर सल्लागाराकडे हिशोब लिहिते. डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. पण दीड वर्षात ८१ किलोवरून ७० वर आले आणि रोज सकाळचं वजन वहीत आहे. मेसेजमधला निम्मा भाग आकडेमोडीचाच आहे, तेव्हा तीच तपासू.

पेढा मी घरच्या काट्यावर ठेवला. २२ ग्रॅम. खवा आणि साखर, दोन्हींत ग्रॅमला साधारण चार कॅलरी धरा, म्हणजे नव्वदच्या आसपास. सत्तर किलोचं माणूस झपझप चाललं तर तासाला अडीचशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. म्हणजे पेढ्याला वीस-पंचवीस मिनिटं. वरच्या रस्त्यानं राजवाड्यावरून पोवई नाक्याला चालत गेलं की झालं. तीन तासांत सात-आठ पेढे जिरतील. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुधा अख्खा पाव किलोचा बॉक्स धरला असावा.

काट्याचा मुद्दा मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण डाएट सुटतं ते इथंच. शरीर यकृतात आणि स्नायूंत पिष्टाचा साठा ठेवतं, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणीही साठतं. कमी खाल्लं की साठा उतरतो, एक दिवस पोटभर भात-जिलेबी झाली की तो भरतो आणि पाणी त्याच्याबरोबर येतं. वर जेवणातलं मीठ आपलं पाणी वेगळं धरून ठेवतं. फेब्रुवारीत कराडला भाच्याचं लग्न होतं. वहीत लिहिलंय: लग्नाच्या सकाळी ७२.४, दुसऱ्या दिवशी ७३.७, चौथ्या दिवशी ७२.३. एक किलो तीनशे ग्रॅम चरबी तीन दिवसांत आली आणि गेली असं कुणाला मानायचं असेल तर मानावं. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७,७०० कॅलरी. तेवढ्यासाठी नेहमीच्या जेवणावर जवळजवळ दोन किलो पेढे खावे लागतील. आमच्या साताऱ्यात असे वीर निघतील, नाही असं नाही. पण मी त्यातली नव्हे.

तरीही ७३.७ बघून त्या सकाळी मी रडवेली झाले होते, हेही सांगते. वही नसती तर तेव्हाच सोडून दिलं असतं.

२१ दिवसांची गोष्ट मुळात सवयीची नव्हतीच. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जननं १९६० साली लिहिलं होतं की रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. 'किमान' गळलं, चेहरा गळला, आकडा उरला. पुढं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी १२ आठवडे तपासल्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, आणि माणसामाणसात फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. मेसेजला खोटं पाडणारी गोष्ट त्याच अभ्यासात आहे: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्याला फारसा फरक पडला नाही. मोजणी एकपासून सुरू होत नाही.

इच्छा मरते म्हणे. काहींची खरंच कमी होते, माझ्या जावेची झाली. पण 'एकदम बंद' म्हणणाऱ्याचं बंद मोडलं की काय होतं, ते पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी अमेरिकेत १९७५ साली विद्यार्थिनींवर तपासलं. आधी मिल्कशेक दिला, मग चव सांगायच्या निमित्तानं हवं तेवढं आइस्क्रीम पुढं ठेवलं. एरवी बंधन न पाळणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. मोडलंच आहे तर मोडू दे! बॉक्समधला एक पेढा खाऊन कुणी हात धुतो आणि कुणी बॉक्स संपवतो, त्यातला दुसरा बहुधा तो मेसेज वाचलेला असतो.

गुळाबद्दल दोन ओळी पुरेत. शंभर ग्रॅम साखरेत चारशेच्या जवळ कॅलरी, गुळात किंचित कमी. गुळाचा चहा मलाही आवडतो, पण चवीसाठी. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी गूळ काय, पेढा काय, आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. माझा हिशोब त्यांच्यासाठी नाही.

या मेसेजला उत्तर म्हणून दुसरा एक फिरतो: सहा दिवस कडक, रविवारी वाट्टेल ते, त्यानं म्हणे चयापचय जागा होतो. तोही मला पटत नाही. खाल्लेलं पचवायला त्यातल्या साधारण दहा टक्के कॅलरी जातात, उरलेल्या नव्वद टक्के कुठं जाणार? रोज पाचशे वाचवले तर सहा दिवसांचे तीन हजार. रविवारी सकाळी मिसळ, दुपारी मटण आणि रात्री आइस्क्रीम झालं की त्यातले निम्मे सहज उडतात. अमेरिकेत १९९४ पासून वजन उतरवून टिकवलेल्या लोकांची नोंद ठेवतात. त्यातही आठवडाभर साधारण एकसारखं खाणाऱ्यांचं वजन, सुट्टीत मोकळं सुटणाऱ्यांपेक्षा जास्त टिकलेलं दिसलं.

म्हणजे 'कधीतरी' म्हणजे किती, हा खरा प्रश्न. गेल्या वर्षी श्रावणापासून दिवाळीपर्यंत वहीत 'गोड' लिहिलेले दिवस मोजले. एक्केचाळीस! कुणाचा सत्यनारायण, कुणाची नवी गाडी, ऑफिसात पक्षकारांनी ठेवलेले बॉक्स, आणि उरलेलं वाया जाऊ नये म्हणून मी संपवलेलं. याला कधीतरी म्हणत नाहीत. मेसेज चुकीचा असला तरी तो लिहिणाऱ्याला माझ्यासारखीच कुणी दिसली असणार.

मग मी यादीच केली. टेबलावर पडलेलं खायचं नाही. मी विकत आणलेलं, सणवार सोडून, नाही. उरलेलं तर नाहीच, ते शेजारी जातं. ज्याच्या घरचा आनंद आहे त्यानं स्वतः हातावर ठेवलं तर एक घ्यायचा, तिथंच खायचा आणि वहीत लिहायचा. जूनपासून असे नऊ झाले. दहावा मावशींचा.

परवा मेथी घेताना विचारलं, धाकटी कितवीला? बारावीला, म्हणाल्या, सायन्स घेतलंय. निकाल मे महिन्यात. या वेळी झाकण लागायच्या आत हात पुढं करायचाय.