रॉबर्टचं बंड म्हणे 'खोट्यावर उभं होतं'

गेम ऑफ थ्रोन्सवाल्यांमध्ये एक पोस्ट परत जोरात फिरतेय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं, की ल्याना स्टार्कला, म्हणजे रॉबर्ट बॅराथियनच्या होणाऱ्या बायकोला, टार्गेरियन राजघराण्याचा युवराज ऱ्हेगार ह्याने पळवलंच नव्हतं, ती स्वतःच्या मर्जीने गेली, म्हणजे रॉबर्टचं अख्खं बंड खोट्यावर उभं होतं, ऱ्हेगार बिचारा निर्दोष, आणि एका जळकुट्या माणसापायी टार्गेरियनांचं 300 वर्षांचं सुखाचं राज्य बुडालं. वर रॉबर्ट सिंहासनचोर. सातव्या सीझनच्या शेवटी भूतकाळ बघू शकणारा ब्रॅन स्टार्कही साधारण हेच बोलतो, त्यामुळे लोकांना वाटतं झालं, विषय संपला.

कसला संपतोय. आधी काय घडलं आणि मग काय घडलं एवढं तरी बघा राव.

ल्याना गेली म्हणून कुणी सैन्य काढलं नाही. रॉबर्टनेही नाही. तिचा मोठा भाऊ ब्रँडन, जो लग्नासाठी रिव्हररनला निघाला होता, तो चार साथीदार घेऊन सरळ राजधानीत घुसला आणि ऱ्हेगार बाहेर ये म्हणून ओरडायला लागला. ऱ्हेगार तिथे नव्हताच. ठीक आहे, युवराजाला मारायची भाषा केली, पकडला, इथपर्यंत राजा एरिसला, म्हणजे ऱ्हेगारच्या बापाला, सूट देऊ. पण मग त्याने ह्या सगळ्या पोरांच्या बापांना दरबारात बोलावून घेतलं आणि बाप-लेक सगळ्यांनाच मारलं, एकटा ईथन ग्लोव्हर काय तो वाचला. ब्रँडनच्या बापाने, रिकार्ड स्टार्कने, द्वंद्वाने न्याय मागितला, तो त्याचा हक्कच होता, तर एरिस म्हणतो माझ्या बाजूने आग लढेल, आणि त्याला चिलखतासकट भाजला, आणि समोर ब्रँडनच्या गळ्यात फास, तलवार हाताला जेमतेम पोचणार नाही इतक्या लांब, बापाला सोडवायला तो जेवढा पुढे ओढ घेणार तेवढा फास आवळणार. भरल्या दरबारात हे चाललं आणि कुणी जागचं हललं नाही.

आणि गंमत म्हणजे बंड अजूनही सुरू झालेलं नाहीये! ह्यानंतर एरिसने जॉन अ‍ॅरिनला हुकूम पाठवला, तुझ्याकडे वाढलेल्या नेड (ल्यानाचा दुसरा भाऊ) आणि रॉबर्टची मुंडकी पाठव. मेलेल्यांमध्ये जॉनचा पुतण्या एल्बर्ट होता, त्याचा वारस. म्हाताऱ्याने मुंडकी पाठवायच्या ऐवजी आपल्या सरदारांना शस्त्र उचलायला सांगितलं, तिथे बंड सुरू झालं. आता ह्या सगळ्यात ल्याना रडत गेली का हसत गेली ह्याने नक्की काय बदलतं? रिकार्ड कमी भाजला जातो का? ती आनंदात आहे हे नेडला पहिल्याच दिवशी कळलं असतं तरी त्याचं डोकं एरिसला हवंच होतं.

राहिला निर्दोष ऱ्हेगार. उलट मला तर वाटतं ती मर्जीने गेली असेल तर ह्या माणसाचं आणखी अवघड आहे. पळवापळवीच्या आरोपावर माणसं मरतायत आणि 'ती माझ्याबरोबर खुशीत आहे' हे एक वाक्य त्याने कुठे कळवल्याचं ना पुस्तकात येतं ना शोमध्ये. लग्न झालेलं, दोन पोरं, आणि हॅरनहॉलच्या टूर्नामेंटमध्ये बायकोला ओलांडून निळ्या गुलाबांचा मुकुट ल्यानाच्या मांडीवर ठेवला ते सगळ्या देशासमोर, ते तरी कुठे लपून होतं. पुस्तकात राजाचे शपथबद्ध अंगरक्षक, म्हणजे किंग्जगार्ड, सात, त्यातले तीन, लॉर्ड कमांडर धरून, डॉर्नच्या डोंगरात ल्यानाच्या टॉवरवर. ऱ्हेगारची बायको एलिया, डॉर्नची राजकन्या, आणि पोरं मात्र एरिसच्या ताब्यात, आणि एलियाच्या काकाला एरिस मुद्दाम आठवण करून देतो की तुमची पोरगी माझ्याकडे आहे, म्हणजे डॉर्नच्या 10 हजार लोकांनी गप गुमान लढायचं. ओलीस हाच शब्द आहे ना ह्याला? ट्रायडंटच्या लढाईला निघताना ऱ्हेगार किंग्जगार्डमधल्या जेमीला सांगतो की लढाई झाली की कौन्सिल बोलावणार, बदल करायचेत. अरे मग आधी बोलवायचीस!

'300 वर्षांचं सुख' ह्यावर फार वेळ नाही घालवत. जेहेरिस पहिला, 55 वर्षं, ते चांगलं राज्य, मान्य. बाकी काय? मेगोर राजाने केलेली धर्मवाल्यांची कत्तल, डॉर्न ड्रॅगन असूनही जिंकता आलं नाही आणि शेवटी लग्नं लावून आत घ्यावं लागलं, पहिल्या एगॉनने देश जिंकला तिथून वर्षं मोजली तर 129 ते 131 घरातल्या घरात ड्रॅगनयुद्ध, मग 196 पासून ब्लॅकफायर ह्या घराण्याच्याच अनौरस शाखेची एकामागून एक बंडं. आणि शेवटचा ड्रॅगन मेला 153 मध्ये, म्हणजे पुढची 130 वर्षं सरदार ऐकत होते ते राजा आपल्याला न्याय देतो ह्या भरवशावर, आणि रिकार्डला भाजून एरिसने नेमका तोच घालवला.

सिंहासनचोर हा मुद्दा त्यातल्या त्यात बरा आहे. रॉबर्टची आजी ऱ्हेल टार्गेरियन होती, पाचव्या एगॉनची मुलगी, तो धागा पकडून त्याला बसवला, पण खरा हक्क ऱ्हेगारला लढाईत मारणाऱ्या त्याच्या हातोड्याचा होता हे काय सांगायला पाहिजे. पहिल्या एगॉनचा तरी कुठला होता, ड्रॅगनचाच ना. आणि रॉबर्टला झोडायचंच असेल तर एलियाच्या पोरांवरून झोडा की. राजधानी घेणाऱ्या टायविन लॅनिस्टरने त्या मारलेल्या पोरांची लाल कपड्यात गुंडाळलेली प्रेतं समोर ठेवली आणि रॉबर्टला काही चुकलं असं वाटलं नाही, नेड भांडून निघून गेला. पण ते राजधानी पडल्यावरचं आहे, ते दाखवून बंड सुरू का झालं हे कसं ठरवणार?