सावली खड्याची की प्रोबची? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सोनोग्राफीत दिसणारा उभा काळा पट्टा कधीकधी प्रोबमुळेही येतो, असं मी आधीच्या लेखात लिहिलं होतं: प्रोब (अंगावर फिरवायचं उपकरण) यातले काही एलिमेंट, म्हणजे आवाज सोडणारे-टिपणारे बारीक तुकडे, डेड झाले की तो पडतो, आणि ते साध्या चाचणीने ओळखता येतं. त्यावर 'एक रेडिओलॉजिस्ट' या नावाने आलेली प्रतिक्रिया उडवलेली नाही. तिचं म्हणणं थोडक्यात असं: सोनोग्राफीतला उभा काळा पट्टा ही खड्याची नाहीतर गॅसची सावली, प्रोबला दोष देणं हास्यास्पद; तसं असतं तर आम्हाला रोज दिसलं असतं; फँटमशिवाय (शरीराच्या जागी वापरायच्या चाचणी-ठोकळ्याशिवाय) चाचणीला अर्थ नाही; आणि "आधी अभ्यास करा, मग लिहा."

डॉक्टरसाहेब, मुद्दा खुशाल खोडा. पण प्रोब उघडून केबलच्या तारा तपासणं हे ज्याचं पोटापाण्याचं काम आहे, त्याला अभ्यास शिकवताना निदान नाव तरी लिहायचं.

पित्ताशयातल्या खड्याची सावली खड्याच्या खालून सुरू होते. वरची भिंत, पित्त सगळं दिसत असतं. प्रोब सरकवला की तीही स्क्रीनवर सरकते. डेड एलिमेंटचा पट्टा त्वचेच्या रेषेपासूनच सुरू होतो आणि प्रोब कुठेही न्या, स्क्रीनवरची जागा सोडत नाही. जेल कमी पडलं किंवा नाभीत हवा अडकली तरी पट्टा वरूनच येतो, पण तो जेल घालून दाबलं की जातो. तरीही शंका असेल तर प्रोब त्याच जागी १८० अंशांत फिरवा. कारण पेशंटमध्ये असेल तर पट्टा स्क्रीनच्या दुसऱ्या बाजूला जाईल, प्रोबमध्ये असेल तर तिथेच राहील.

रोज का दिसत नाही? उथळ भागातली रेषा काढायला मशीन मोजकेच एलिमेंट वापरतं, म्हणून शेजारशेजारचे दोन-चार गेले की तिथे खिंडार पडतं. खोलवर जास्त एलिमेंट लागतात, बाकीचे वेळ मारून नेतात आणि पट्टा विरतो. कंपाउंडिंग (वेगवेगळ्या कोनांतली चित्रं एकत्र करणारी सोय) उरलंसुरलं बुजवतं. १५ सेंटिमीटर खोलीवर लिव्हर बघणाऱ्याचं वरच्या अर्ध्या सेंटिमीटरकडे लक्ष जातं कुठे? बारकावे मात्र पुसट होतात, डॉप्लरचे (रक्तप्रवाहाच्या वेगाचे) आकडेही बिघडू शकतात.

म्हणून प्रोब पुसून, जेल न लावता हवेत धरायचा. हार्मोनिक, कंपाउंडिंग, पर्सिस्टन्स या चित्र सुधारणाऱ्या सोयी बंद. खोली ३-४ सेंटिमीटर, फोकस सर्वांत वर, टीजीसीची (खोलीनुसार उजळपणा ठरवणारी) सरकबटणं मध्यावर, आणि आडव्या चकचकीत रेघा दिसेपर्यंत गेन (एकूण उजळपणा) वाढवायचा. या रेघा म्हणजे लेन्सच्या (प्रोबच्या तोंडावरच्या मऊ थराच्या) आतच घुमणारा आवाज. त्या सलग हव्यात. कुठे तुटल्या तर जेलचा पातळ थर देऊन पेपरक्लिपची गोल कड प्रोबच्या तोंडाच्या लांबीला आडवी ठेवायची आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू सरकवायची. क्लिपखालचा उजळ झोत जिथे मावळतो, तिथले एलिमेंट गेले. लेन्सवर दाब नको, टोक तर लावूच नका.

एक मान्य: हृदयाच्या फेज्ड अ‍ॅरे प्रोबमध्ये प्रत्येक रेषेला सगळे एलिमेंट लागतात, तिथे असा उभा पट्टा दिसत नाही. हे लेखात ठळक हवं होतं.

फँटमबद्दल वाद कशाला? अंतराची अचूकता आणि भेदनखोली बघायला तो लागतोच. फक्त मशीन आवाजाचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरतं आणि युरेथेनच्या (रबरासारख्या प्लॅस्टिकच्या) फँटममध्ये तो साधारण १४५० असतो. त्यासाठी फँटममधल्या खुणांची अंतरं जुळवलेली नसतील तर १०० मिलिमीटर खोलीचे १०६ दिसतील आणि तुम्ही मशीनवाल्याला बोलवाल. शिवाय एक्स-रेसारखे एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळाचे) नियम इथे नाहीत, आणि पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची) नोंदणी चित्राचा दर्जा तपासत नाही. मग रोजची तपासणी कोण करणार?

पट्टा सापडलाच तर लगेच प्रोबच्या नावाने बोंब मारू नका. तोच प्रोब मशीनच्या दुसऱ्या पोर्टला (प्रोब जोडायच्या जागेला) लावा. पट्टा तसाच राहिला तर बहुधा प्रोब. गेला आणि पहिल्या पोर्टला लावलेल्या दुसऱ्या प्रोबमध्ये उमटला तर पोर्ट किंवा आतलं बोर्ड. हँडलपाशी केबल हलवताना पट्टा ये-जा करत असेल तर बहुधा तार तुटली आहे, आणि ती अनेकदा दुरुस्त होते.