फेल्प्सचे हात लंडनमध्येही तेवढेच लांब होते

बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर अमेरिकेच्या ऑलिंपिक जलतरणपटू मायकेल फेल्प्सबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘फेल्प्स घडवलेला नाही, जन्मालाच तसा आला. उंचीपेक्षा लांब हात, वल्ह्यांसारखे पाय, रोज 12,000 कॅलरींचा खुराक. आपल्या मुलांची चण तशी नाही, उगाच तलावावर वेळ घालवू नका.’ तो वाचून माझ्या भाचीबरोबरची एक मुलगी पोहायला यायची थांबली, म्हणून हे लिहितोय.

आधी हातांचं बघू. उंची 193 सेंटीमीटर आणि पसरलेले हात 201. हे खरं आहे, पाण्यात त्याचा फायदा होतो हेही खरं. पण 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकची 100 मीटर बटरफ्लाय (दोन्ही हात एकदम पुढे टाकत पोहायची शर्यत) आठवा. भिंतीजवळ येईपर्यंत सर्बियाचा मिलोराद चाविच पुढे होता. शेवटी तो हात ताणून नुसता सरकत राहिला, फेल्प्सनं मात्र आणखी अर्धा हात मारला. फेल्प्स 50.58 सेकंद, चाविच 50.59! चार वर्षांनी लंडन ऑलिंपिकला 200 मीटर बटरफ्लायमध्ये नेमकं उलटं झालं. भिंतीपाशी सरकत राहिला तो फेल्प्स, आणि दक्षिण आफ्रिकेच्या चॅड ले क्लोसनं 0.05 सेकंदानं सुवर्ण नेलं. सरावात आपण असे आळशी शेवट करायचो, तेच नको तेव्हा बाहेर आलं, अशी कबुली फेल्प्सनंच दिली. हात तर तेच होते ना?

बीजिंगच्याच 200 मीटर बटरफ्लायमध्ये त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं, भिंत दिसेना. मारलेले हात मोजत तो पोहला आणि 1:52.03 चा विश्वविक्रम केला. ही मोजणी कुणी जन्मतः घेऊन येत नाही. कोच बॉब बोमननं पूर्वी एका शर्यतीआधी मुद्दाम त्याचा गॉगल पायाखाली चिरडला होता, तसंच पोहायला लावलं होतं. इतर पोहणारे रविवारी सुट्टी घेत तेव्हा हे दोघं तलावावर असत. वर्षाचे 52 दिवस जास्त, असा बोमनचा साधा हिशेब होता.

12,000 कॅलरींचा आकडा खुद्द फेल्प्सनंच खोडून काढलाय. आठ ते दहा हजार, असं तो सांगतो, आणि तेही दिवसाचे कित्येक तास पाण्यात काढायचा म्हणून.

आणि चणच सगळं ठरवत असती तर रिओत 2016 ला सिंगापूरचा जोसेफ स्कूलिंग कसा जिंकला? फेल्प्सहून बुटका, तरी 100 मीटर बटरफ्लायमध्ये 50.39. फेल्प्स 51.14.

दांडिया बाजारात माणिकरावांच्या आखाड्याच्या गोष्टी ऐकत वाढलेली माणसं आपण. मेहनतीआधी पोरांच्या अंगाला टेप लावायची रीत आपल्यात कधीपासून आली?

त्या मुलीच्या आईला माझं कळकळीचं सांगणं आहे. ताई, तुमच्या लेकीनं मागच्या महिन्यात पहिल्यांदाच कडेची दोरी न धरता 25 मीटर पार केले. बाहेर आली तेव्हा थरथरत होती, आणि लगेच पुन्हा पाण्यात उतरायचं म्हणत होती. तिला उद्या पाठवा.