पप्पांचं बायबल, १९८४ चा मजकूर

पप्पांचं स्टडी बायबल, म्हणजे वचनांसोबत अभ्यासाच्या टिपा छापलेलं इंग्रजी बायबल, शेवटी बदलावं लागलं. गेल्या पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला ओल आली आणि स्तोत्रसंहितेची बरीच पानं एकमेकांना चिकटून बसली. कागद कांद्याच्या सालीसारखा पातळ, सोडवायला गेलं की अक्षरांसकट सोलून येतो. बाइंडिंगवाल्या काकांनी उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, "ताई, शिवून देतो, पण आतला समास शिलाईत जाईल." पप्पांचं सगळं लिखाण त्या समासातच आहे.

मग तेच नवं घ्यायचं ठरवलं. एनआयव्ही (न्यू इंटरनॅशनल व्हर्जन) या इंग्रजी भाषांतराचं स्टडी बायबल, १९८५ साली पहिल्यांदा निघालेलं. नाव तेच पाहून ऑनलाइन मागवलं. हातात आल्यावर आधी २३ वं स्तोत्र काढलं आणि चौथ्या वचनाशी अडले. 'व्हॅली ऑफ द शॅडो ऑफ डेथ'च्या जागी 'डार्केस्ट व्हॅली'. जुने शब्द खाली तळटीपेत.

आमच्याकडे संध्याकाळच्या प्रार्थनेत आई मराठी पवित्र शास्त्रातून वाचायची आणि तेच वचन पप्पा इंग्रजीतून. आईचं 'मृत्युच्छायेच्या दरीतूनही' संपलं की पप्पांचं सुरू व्हायचं, आणि दोन्ही एकमेकांवर अगदी बरोबर बसायचं. आईच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री पप्पांनी त्या वचनाशेजारी पेन्सिलीने तारीख घातली आणि खाली दोनच शब्द लिहिले, 'आज रात्री'. नव्या प्रतीत हे दोन शब्द मी कशाशेजारी लिहू?

झालंय असं, की एनआयव्हीचा १९८४ मध्ये सुधारलेला मजकूर पंचवीसेक वर्षं लोकांनी वाचला, पाठ केला. २०११ मध्ये तो पुन्हा सुधारला आणि जुना छापायचा थांबला. नाव मात्र तेच राहिलं.

भाषांतर सुधारू नये असं मी म्हणत नाही. पहिल्या स्तोत्राच्या सुरुवातीला आधी 'मॅन' (पुरुष) होतं, आता 'वन' (कोणीही) आहे, आणि बाई म्हणून मला ते मनापासून आवडलं. २३ व्या स्तोत्राच्या त्या वचनातल्या 'त्सलमावेत' या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ मृत्यूची छाया की गडद अंधार, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे, तोही मला मान्य आहे. पण नवं काढताना जुनंही मिळू द्या ना! किंग जेम्स हे जुनं इंग्रजी भाषांतर १६११ सालचं. त्यानंतर इंग्रजीत कितीतरी भाषांतरं आली, तरी ते आजही सहज मिळतं. जी वचनं माणसांनी आजारपणात, मयताच्या घरात तोंडपाठ म्हटली, ती त्याच शब्दांत पुन्हा विकत मिळू नयेत, हे मला पटत नाही.

कुणी अशी प्रत शोधत असेल तर मुखपृष्ठावर जाऊ नका. आतलं कॉपीराइटचं पान बघा. १९७३, १९७८, १९८४ एवढ्यावरच सालं थांबली असतील तर जुना मजकूर. पुढे २०११ असेल तर नवा. जुनी पुस्तकं विकणाऱ्या दोघांनी मला फोनवर "तेच आहे हो" सांगितलं. तिसऱ्याकडे मी त्या पानाचा आणि २३ व्या स्तोत्राचा फोटो मागितला, आणि तीच प्रत निघाली! पुठ्ठा घासलेला, पण शिलाई घट्ट. पानांची मांडणीही पप्पांच्या प्रतीसारखीच, त्यामुळे त्यांची टीप जिथे होती तिथेच बसते.

रोज रात्री जेवणं झाली की दोन्ही बायबलं शेजारी ठेवून एकेक पान उतरवते. पेन्सिलीचं पेन्सिलीने, शाईचं शाईने. आत्ता रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायापर्यंत आलेय. स्तोत्रं शेवटी घेणार आहे, कारण तिथली चिकटलेली पानं उजेडासमोर धरून वाचावी लागतात. 'आज रात्री' मात्र पहिल्याच दिवशी लिहिलं.

आमच्या बायबल अभ्यासगटातल्या दोघींनाही १९८४ च्या मजकुराची प्रत हवी आहे. तुमच्या घरी कपाटात न वापरता पडून असेल, तर ते पान उघडून साल बघा आणि इथे कळवा.