'रॉकेट' हे पहिले इंजिन नव्हते आणि ते एकट्याचेही नव्हते

'1829 साली जॉर्ज स्टीफन्सनने एकट्याच्या बुद्धीवर जगातले पहिले रेल्वे इंजिन "रॉकेट" बनवले, सर्वांत वेगवान म्हणून ते स्पर्धा जिंकले आणि पुढची सगळी इंजिने त्याच नमुन्यावर निघाली,' असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असतो. यातली बहुतेक विधाने चुकीची आहेत, आणि त्यात अनेकांचे श्रम पुसले जातात.

'पहिले' हे तर मुळीच नाही. 21 फेब्रुवारी 1804 रोजी वेल्समध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या इंजिनाने दहा टन लोखंड आणि सुमारे सत्तर माणसे ओढून नेली होती. इंजिन चालले, पण त्याच्या वजनाखाली बिडाचे रूळ तुटू लागले. 1812 मध्ये लीड्सच्या मॅथ्यू मरेने हलके इंजिन बांधले. त्याचे दातेरी चाक रुळाच्या कडेच्या दात्यांत अडकत पुढे सरकायचे. खुद्द स्टीफन्सनचे पहिले इंजिन 1814 चे आहे.

'एकट्याने' हा शब्द मला सर्वांत जास्त खटकतो. रॉकेट बांधले गेले न्यूकॅसलच्या कारखान्यात, जॉर्जचा मुलगा रॉबर्ट याच्या देखरेखीखाली. रॉकेटचा प्राण होता बॉयलर, म्हणजे पाणी उकळून वाफ करणारी टाकी. तोवर बॉयलरमधल्या पाण्यातून आगीची धग नेणारी बहुधा एखादीच जाड नळी जायची आणि बरीचशी उष्णता धुरांड्यातून वाया जायची. तिच्या जागी पुष्कळ बारीक नळ्या घाला, हे सुचवले हेन्री बूथने, आणि तो होता लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचा खजिनदार! रॉकेटमध्ये तांब्याच्या 25 नळ्या बसल्या. पाण्याला तापायला कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळाला. पण बारीक नळ्यांतून आगीची धग ओढायला जोरदार हवा लागते. त्यासाठी वापरून झालेली वाफ धुरांड्यात सोडली. तिच्या झोताने आग भडकत राहिली. ही युक्तीसुद्धा ट्रेव्हिथिकच्या इंजिनात होतीच. फ्रान्समध्ये मार्क सेगँ स्वतंत्रपणे अशाच बॉयलरपर्यंत पोचला होता.

वेगाचे म्हणाल तर, ही स्पर्धा लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेने रेनहिलला घेतली होती, आणि तिथे पहिल्या दिवसांत प्रेक्षकांची वाहवा मिळवली ती 'नॉव्हेल्टी' या दुसऱ्याच इंजिनाने. पण रेल्वे कंपनीला शर्यत नको होती, रोजच्या कामाचे इंजिन हवे होते. अट अशी की, वजन मर्यादेत ठेवून, वजनाच्या तिप्पट भार ताशी किमान दहा मैलांनी ओढायचा आणि फेऱ्या मारत लिव्हरपूल ते मँचेस्टर व परत एवढे अंतर भरून काढायचे. नॉव्हेल्टी नादुरुस्त झाले, 'सान्स परेल' हे आणखी एक इंजिनही मध्येच थांबले. अखेरपर्यंत टिकले फक्त रॉकेट.

नमुनाही तोच राहिला नाही. नळ्या आणि वाफेचा झोत टिकले, हे खरे. पण तिरप्या सिलिंडरांमुळे रॉकेट वेगात डोलायचे, म्हणून हे सिलिंडर लवकरच खाली, जवळजवळ आडवे बसवावे लागले. 1830 च्या 'नॉर्दम्ब्रियन'मध्ये फायरबॉक्स, म्हणजे आग जळते ती पेटी, बॉयलरचाच भाग झाला, त्याच वर्षीच्या 'प्लॅनेट'मध्ये सिलिंडर पुढे, धुरांड्याच्या पायथ्याशी गेले. 1853 मध्ये सुरू झालेल्या बोरीबंदर-ठाणे मार्गासाठी इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्री या कारखान्याने पाठवलेल्या इंजिनांना सहा चाके होती आणि त्यांतली चार जोडून फिरायची. रॉकेटची गती देणारी चाके दोनच होती.